वॉलमार्ट, फ्लिपकार्ट आणि सवलतीचा वाद : एक आढावा

जगातील सर्वांत मोठी किरकोळ विक्री कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वॉलमार्टने ऑगस्ट २०१८ मध्ये बंगळुरूस्थित फ्लिपकार्ट या ऑनलाइन विक्री कंपनीचा ताबा घेतला. या व्यवहारामुळे स्वस्त दराने माल विकण्याच्या अमेरिकी पद्धतीचा भारतातील व्यवसाय प्रामुख्याने कर्नाटकाच्या राजधानीतून चालू लागला. त्याविरुद्धच्या तक्रारी आणि आंदोलनांचा रोखही बंगळुरूकडे वळला आणि न्यायालयीन लढाईचा मोठा भाग कर्नाटक उच्च न्यायालयातच लढला गेला. ग्राहकाला मिळणाऱ्या सवलतीचा खर्च नेमका कोण उचलतो आणि विकला जाणारा माल प्रत्यक्षात कोणाच्या मालकीचा असतो, हे दोन प्रश्न या संपूर्ण वादाच्या मुळाशी आहेत. या वादाची पार्श्वभूमी, त्यातील कायदेशीर मुद्दे आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे यांचा हा आढावा.

वॉलमार्टची कार्यपद्धती

सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या लहान गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. सणासुदीला किंवा हंगामाच्या अखेरीस भाव उतरवण्याऐवजी वर्षभर भाव कमी ठेवावेत, हे कंपनीचे धोरण होते. प्रत्येक वस्तूवर कमी नफा घ्यायचा, पण विक्रीचे प्रमाण इतके वाढवायचे की एकूण नफा मोठा होईल, असे या धोरणाचे साधे गणित आहे. त्यासाठी उत्पादकांकडून प्रचंड प्रमाणात थेट खरेदी करणे, स्वतःची गोदामे व मालवाहतूक यंत्रणा उभारणे आणि प्रत्येक टप्प्यावरील खर्च काटेकोरपणे कमी करणे यांवर कंपनीने भर दिला.

याच गुणांमुळे कंपनीवर टीकाही झाली. गावाबाहेर मोठे दुकान उघडल्यानंतर गावातील जुनी दुकाने बंद पडतात, कामगारांचे वेतन कमी ठेवले जाते, कामगार संघटनांना विरोध केला जातो आणि पुरवठादारांवर भाव उतरवण्यासाठी सतत दबाव आणला जातो, हे आक्षेप अमेरिकेत अनेक दशके घेतले गेले. दुसरीकडे, कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मासिक खर्चात या दुकानांमुळे बचत झाली, असे कंपनीचे समर्थक सांगत आले आहेत.

वॉलमार्टला प्रत्येक देशात यश मिळाले असे नाही. जर्मनी आणि दक्षिण कोरिया या दोन्ही देशांतून कंपनीने २००६ मध्ये माघार घेतली. जर्मनीतील दुकाने मेट्रो या तेथील समूहाने विकत घेतली. योगायोग असा की, हाच मेट्रो समूह त्याआधीच बंगळुरूत दाखल झालेला होता.

घाऊक व्यापाराच्या दारातून प्रवेश

अनेक कंपन्यांचा माल एकाच दुकानात विकण्याच्या किरकोळ व्यवसायात परकीय कंपन्यांना भारतात दीर्घकाळ मनाई होती. घाऊक व्यापाराला मात्र १९९७ पासून सरकारी मंजुरीने परवानगी होती आणि २००६ मध्ये मंजुरीची ही अटही काढून टाकण्यात आली. घाऊक विक्री याचा अर्थ दुकानदार, उपाहारगृहे, रुग्णालये अशा व्यावसायिक खरेदीदारांना केलेली विक्री. सर्वसामान्य ग्राहकाला तेथे माल विकता येत नाही.

या तरतुदीनुसार मेट्रो कंपनीने २००३ मध्ये बंगळुरूत आपली पहिली घाऊक विक्री केंद्रे सुरू केली. घाऊक विक्रीच्या नावाखाली किरकोळ विक्री केली जाते, असा आक्षेप स्थानिक व्यापाऱ्यांनी घेतला. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कायद्यामुळे शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा प्रश्नही उपस्थित झाला. यशवंतपूर भागात एकीकडे बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आणि दुसरीकडे नवे घाऊक विक्री केंद्र, असे चित्र निर्माण झाले. पुढे दोन दशके देशभर गाजलेल्या वादाची ही सुरुवात म्हणता येईल. मेट्रोने अखेर भारतातील व्यवसाय रिलायन्स समूहाला २,८५० कोटी रुपयांना विकण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये केला आणि मे २०२३ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला.

वॉलमार्टनेही हाच मार्ग स्वीकारला. भारती समूहाशी २००७ मध्ये भागीदारी करून कंपनीने मे २००९ मध्ये अमृतसर येथे ‘बेस्ट प्राइस’ नावाचे पहिले घाऊक दुकान सुरू केले. महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि अमरावती येथेही अशी दुकाने उघडण्यात आली.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. मात्र अंतिम निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक आणि लघुउद्योगांकडून ३० टक्के खरेदी यांसारख्या अटीही घालण्यात आल्या. या निर्णयाविरोधात २० सप्टेंबर २०१२ रोजी देशव्यापी बंद पाळण्यात आला. डिसेंबरमध्ये लोकसभेत विरोधकांचा प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. त्याच महिन्यात वॉलमार्टने अमेरिकेत सादर केलेल्या लॉबिंग खर्चाच्या तपशिलावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुढे सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी समिती नेमली. ऑक्टोबर २०१३ मध्ये भारती आणि वॉलमार्ट यांनी भागीदारी संपुष्टात आणल्याचे जाहीर केले. कायद्याने परवानगी मिळूनही वॉलमार्टचे किरकोळ विक्रीचे एकही दुकान भारतात उघडले नाही.

या काळातील व्यवहारांचे पडसाद पुढे अमेरिकेत उमटले. मेक्सिको, ब्राझील, चीन आणि भारत या देशांतील लाचखोरीविरोधी नियंत्रणातील त्रुटींबद्दल वॉलमार्टने जून २०१९ मध्ये अमेरिकी यंत्रणांशी सुमारे २८ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. पुरेसे अंतर्गत नियंत्रण नसल्यामुळे भारतातील दुकानांचे परवाने मिळवण्यासाठी सरकारी कर्मचाऱ्यांना अनुचित रकमा देणे शक्य झाले, असे अमेरिकेच्या रोखे नियामकाने नमूद केले होते.

फ्लिपकार्टचा उदय

वॉलमार्ट परवान्यांच्या आणि अटींच्या वाटेने पुढे सरकत असताना बंगळुरूत वेगळ्या प्रकारचे दुकान उभे राहत होते. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दिल्ली आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये कोरमंगला भागातील एका सदनिकेतून फ्लिपकार्ट सुरू केले. दोघांनीही त्याआधी ॲमेझॉनमध्ये काम केले होते. सुरुवातीला फक्त पुस्तके विकली जात. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय २०१० मध्ये सुरू झाली आणि क्रेडिट कार्ड नसलेला किंवा संगणकावर पैसे भरण्यास कचरणारा मोठा ग्राहकवर्ग कंपनीला मिळाला.

सॉफ्टबँक, टायगर ग्लोबल अशा परकीय गुंतवणूकदारांचा पैसा येत गेला तशी सवलतींची व्याप्ती वाढली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी झालेली ‘बिग बिलियन डे’ ही विक्री या दृष्टीने महत्त्वाची ठरली. दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले. परंतु संकेतस्थळ कोलमडणे, मागणी नोंदवल्यानंतर ती रद्द होणे, आधी भाव चढवून मग सवलत दाखवणे अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि दोन्ही संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. व्यापाऱ्यांच्या तक्रारी मिळाल्या असून त्यांची दखल घेतली जाईल, असे तत्कालीन वाणिज्य राज्यमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले. ऑनलाइन सवलत हा सरकारी धोरणाचा विषय बनला तो येथून.

माल कोणाचा?

हा वाद समजून घेण्यासाठी ऑनलाइन विक्रीच्या दोन पद्धतींमधील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्या पद्धतीत कंपनी स्वतः माल विकत घेते, गोदामात ठेवते आणि ग्राहकाला विकते. ही दुकानदारीच होय. दुसऱ्या पद्धतीत कंपनी केवळ मंच पुरवते. त्या मंचावर स्वतंत्र विक्रेते आपापला माल मांडतात आणि कंपनी त्यांच्याकडून शुल्क घेते. गाळे भाड्याने देणाऱ्या बाजाराच्या मालकासारखे तिचे स्थान असते. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला भारतात सर्वसाधारणपणे दुसऱ्या पद्धतीनेच व्यवसाय करण्याची मुभा आहे. २९ मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने जारी केलेल्या तिसऱ्या प्रेस नोटमध्ये हे प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडण्यात आले. मंच चालवणाऱ्या कंपनीने वस्तूंच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये आणि एकाच विक्रेत्याचा वाटा एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावा, अशा अटी त्यात होत्या.

टीकाकारांचे म्हणणे असे की, ही विभागणी कागदावरच राहिली. डब्ल्यूएस रिटेल ही कंपनी फ्लिपकार्टवरील सर्वांत मोठी विक्रेती होती आणि सुरुवातीला तिची मालकी फ्लिपकार्टच्या संस्थापकांशी निगडित होती. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग झाल्याच्या आरोपावरून अंमलबजावणी संचालनालयाने २०२१ मध्ये फ्लिपकार्ट, तिचे संस्थापक आणि इतरांना कारणे दाखवा नोटीस बजावली. या नोटिशीतील रक्कम सुमारे १०,६०० कोटी रुपये असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. आपण भारतीय कायद्यांचे पालन करत असल्याची भूमिका कंपनीने घेतली आणि सचिन बन्सल यांनी नोटिशीला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले.

२०१८ चा व्यवहार आणि व्यापाऱ्यांचा विरोध

वॉलमार्टने ९ मे २०१८ रोजी फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम एक लाख कोटी रुपयांहून अधिक होते. जी कंपनी दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतरही भारतात किरकोळ विक्रीचे दुकान उघडू शकली नाही, ती आता ऑनलाइन मार्गाने घरोघरी पोहोचणार, अशी प्रतिक्रिया व्यापारी वर्गातून उमटली. अखिल भारतीय व्यापारी महासंघाने जुलैमध्ये धरणे आंदोलन केले आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी व्यापार बंदची हाक दिली.

दरम्यान, भारतीय स्पर्धा आयोगाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या व्यवहाराला मंजुरी दिली. दोन्ही कंपन्यांचे भारतातील व्यवसाय एकत्र आल्याने स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होणार नाही, असे आयोगाचे मत पडले. भरमसाट सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना मिळणारे झुकते माप यांविषयी आलेली निवेदने आयोगाने नोंदवून घेतली. मात्र परकीय गुंतवणुकीच्या धोरणासंबंधीचे प्रश्न त्या धोरणाच्या चौकटीतच सोडवावे लागतील, असे सांगितले.

त्या चौकटीत बदल झाला तो २६ डिसेंबर २०१८ रोजी. केंद्र सरकारच्या दुसऱ्या प्रेस नोटद्वारे नियम अधिक कडक करण्यात आले आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. त्यांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

– मंच चालवणाऱ्या कंपनीचे किंवा तिच्या समूहाचे भागभांडवल ज्या विक्रेत्यात आहे, त्याला त्या मंचावर माल विकता येणार नाही.

– एखाद्या विक्रेत्याने आपली २५ टक्क्यांहून अधिक खरेदी मंचाच्या कंपनीकडून किंवा तिच्या समूहातील कंपन्यांकडून केली, तर त्याच्या मालावर मंचाचेच नियंत्रण आहे असे मानले जाईल.

– आपला माल केवळ आमच्याच मंचावर विकावा, अशी सक्ती कोणत्याही विक्रेत्यावर करता येणार नाही.

– गोदाम, वाहतूक, जाहिरात, रोख परतावा आदी सेवा सर्व विक्रेत्यांना समान व न्याय्य अटींवर द्याव्या लागतील.

यानंतर जुलै २०२० मध्ये फ्लिपकार्टने वॉलमार्टचा भारतातील घाऊक व्यवसाय, ‘बेस्ट प्राइस’च्या २८ दुकानांसह, आपल्याकडे घेतला आणि ‘फ्लिपकार्ट होलसेल’ची घोषणा केली. किराणा दुकानदारांना माल पुरवणारी आणि त्यांच्याच ग्राहकांना ऑनलाइन माल पोहोचवणारी यंत्रणा अशा प्रकारे एकाच समूहाच्या हाती आली.

सवलतीचा खर्च कोण उचलतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा मोबाईल संच बंगळुरूच्या एसपी रोडवरील दुकानदाराला वितरकाकडून ९,५०० रुपयांना मिळतो. जागेचे भाडे, वीज आणि नोकराचा पगार धरून तो १०,००० रुपयांना विकला तरच त्याला परवडते. तोच संच ऑनलाइन मंचावर ९,००० रुपयांना दिसतो. यातील तफावत चार प्रकारे भरून निघू शकते. उत्पादकाने आपला नफा कमी केला असेल, मोठ्या खरेदीमुळे विक्रेत्याला माल स्वस्त मिळाला असेल, वाहतूक व साठवणुकीचा खर्च खरोखरच कमी असेल किंवा गुंतवणूकदारांच्या पैशातून तोटा भरून काढला जात असेल.

यांपैकी पहिल्या तीन गोष्टी निकोप स्पर्धेचा भाग मानल्या जातात. वाद आहे तो चौथ्या शक्यतेविषयी. स्पर्धकांना बाजारातून घालवण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी दराने माल विकणे हे स्पर्धा कायदा, २००२ नुसार गैर आहे. तथापि ही तरतूद बाजारावर प्रभुत्व असलेल्या कंपनीलाच लागू होते आणि जेथे दोन बलाढ्य कंपन्या एकमेकींशी झुंजत असतात, तेथे कोणत्याही एका कंपनीचे प्रभुत्व सिद्ध करणे कठीण जाते. व्यापारी संघटनांनी म्हणूनच दुसरा मार्ग निवडला. मंच, उत्पादक आणि ठरावीक विक्रेते यांच्यातील करारांमुळे स्पर्धा बाधित होते, असा दावा त्यांनी केला.

दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. नवे मोबाईल संच केवळ एकाच मंचावर उपलब्ध करून देणे, ठरावीक विक्रेत्यांना प्राधान्य देणे, त्यांच्याच मालावर मोठी सवलत मिळवून देणे आणि शोधयादीत त्यांचा माल वर दाखवणे, असे चार मुद्दे चौकशीसाठी निश्चित करण्यात आले.

कर्नाटक उच्च न्यायालयातील लढाई

या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी चौकशीला स्थगिती मिळाली. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला असता, उच्च न्यायालयानेच हे प्रकरण लवकर निकाली काढावे, असे सांगण्यात आले. ११ जून २०२१ रोजी एकल न्यायमूर्तींनी कंपन्यांच्या याचिका फेटाळल्या. २३ जुलै २०२१ रोजी खंडपीठाने अपिलेही फेटाळली. कायद्याचा भंग केलेला नसेल, तर कंपन्यांनी चौकशीला कचरण्याचे कारण नाही, असे मत खंडपीठाने व्यक्त केले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. चौकशीचा आदेश आणि प्रत्यक्ष चौकशी यांच्यात अशा प्रकारे दीड वर्षाहून अधिक काळ गेला.

आयोगाच्या महासंचालकांचा अहवाल २०२४ मध्ये पूर्ण झाला. हा अहवाल जाहीर करण्यात आलेला नाही. मात्र ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप देऊन दोन्ही कंपन्यांनी स्पर्धा कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष त्यात असल्याचे वृत्त सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. असा अहवाल म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. संबंधितांचे म्हणणे ऐकून आयोगाला निर्णय द्यावा लागतो. त्यापूर्वीच अनेक विक्रेत्यांनी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत अहवालाला आव्हान दिले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवली. पाच वर्षांनंतर हे प्रकरण पुन्हा बंगळुरूतच येऊन पोहोचले.

कंपन्यांची बाजू

आपण केवळ मंच असून विक्रीची किंमत विक्रेतेच ठरवतात, असे ऑनलाइन कंपन्यांचे म्हणणे आहे. एरवी आपल्या शहराबाहेर ज्यांचा माल कधी पोहोचला नसता, अशा लाखो लहान विक्रेत्यांना देशभराची बाजारपेठ मिळाली, याकडे त्या लक्ष वेधतात. फ्लिपकार्टने २०१९ मध्ये कारागीर, विणकर आणि महिला उद्योजकांसाठी ‘समर्थ’ हा उपक्रम सुरू केला. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकालाही महानगरातील ग्राहकाइकीच निवड करता येते आणि टाळेबंदीच्या काळात घरपोच सेवेचा मोठा आधार मिळाला, हेही नाकारता येणार नाही.

स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-व्यापारविषयक अभ्यासातही दोन्ही बाजूंची नोंद आहे. ऑनलाइन व्यापारामुळे किमतींची तुलना करणे सोपे झाले आणि स्पर्धा वाढली, असे त्यात म्हटले आहे. मात्र मंच हा एकाच वेळी पंच आणि खेळाडू बनला तर तो तटस्थ राहतो का, याविषयी आयोगाने चिंता व्यक्त केली आणि शोधयादीचे निकष, सवलतींचे धोरण व ग्राहकांच्या अभिप्रायांविषयी पारदर्शकता ठेवण्याची सूचना कंपन्यांना केली.

किराणा दुकान, कामगार आणि ग्राहक

किराणा दुकानाचे सामर्थ्य भावात नसून ओळखीत असते. महिनाअखेरीस वहीत मांडली जाणारी उधारी, पाव किलो साखर किंवा पाच रुपयांची चहापूड देण्याची तयारी, घरातील आजारी माणसासाठी दुकान बंद झाल्यावरही दार उघडणे, या सेवांची किंमत कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते. दुकानदार त्या परवडवतो, कारण नेहमीचा ग्राहक महिन्याची मोठी खरेदीही त्याच्याचकडे करतो. मोठी खरेदी सवलतीच्या ठिकाणी गेली आणि दुकानाकडे केवळ उधारी व किरकोळ वस्तू उरल्या, तर हे गणित कोलमडते. त्याची झळ सर्वप्रथम हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांना बसते, कारण उधारीची सोय त्यांना अन्यत्र मिळत नाही. व्यापारी संघटनांच्या मागण्यांमध्ये हा मुद्दा क्वचितच मांडला जातो, परंतु सामाजिकदृष्ट्या तो सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

दुसरा प्रश्न माल पोहोचवणाऱ्या कामगारांचा. सवलत आणि वेग या दोन्हींचा भार त्यांच्यावर पडतो. मात्र कायद्याच्या दृष्टीने त्यांतील अनेक जण कंपनीचे कर्मचारी नसतात. कर्नाटक विधिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंचाधारित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेविषयीचे विधेयक मंजूर केले. कामगाराला प्रत्येक व्यवहारात दिल्या जाणाऱ्या मोबदल्यावर कंपन्यांकडून १ ते ५ टक्के कल्याण शुल्क घेण्याची आणि कल्याण मंडळ स्थापन करण्याची तरतूद त्यात आहे.

तिसरा प्रश्न ग्राहकाचा. माल मंचाचा नाही, असे म्हटल्यावर सदोष मालाची जबाबदारी कोणाची? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने निकृष्ट प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल फ्लिपकार्टला एक लाख रुपयांचा दंड केला. विकल्या गेलेल्या ५९८ कुकरच्या ग्राहकांना सूचना देऊन कुकर परत घेण्याचे आणि पैसे परत करण्याचे आदेशही दिले. या आदेशाला कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे होते. प्रत्येक विक्रीतून शुल्क मिळवणारा मंच जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त राहू शकत नाही, ही प्राधिकरणाची भूमिका होती.

वादाचे नवे वळण

मोबाईल आणि कपड्यांवरून सुरू झालेला हा वाद आता भाजीपाला आणि दुधापर्यंत पोहोचला आहे. काही मिनिटांत घरपोच सामान देणारी ‘फ्लिपकार्ट मिनिट्स’ ही सेवा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळुरूतूनच सुरू केली. त्याच महिन्यात केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी ऑनलाइन कंपन्यांच्या तोट्यातील विक्रीविषयी जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने ब्लिंकिट, झेप्टो आणि स्विगी इन्स्टामार्ट या कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तक्रारीचे स्वरूप परिचयाचेच होते : भरमसाट सवलती आणि नावापुरते विक्रेते. मे २०२५ मध्ये आयोगाने उत्पादनखर्च ठरवण्याविषयीचे नवे विनियम अधिसूचित केले. खर्चापेक्षा कमी दराने विक्री झाली की नाही, हे ठरवताना त्यांचा उपयोग होणार आहे.

ग्राहक संरक्षण (ई-व्यापार) नियम, २०२० नुसार प्रत्येक वस्तूच्या विक्रेत्याचे नाव व पत्ता दर्शवणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एक महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावर दाद मागता येते. खरेदीपूर्वी छापील किंमत आणि सवलतीची किंमत यांबरोबरच विक्रेत्याचे नावही पाहावे, असा सल्ला दिला जातो, तो यामुळेच.

स्वस्त माल मिळणे हा ग्राहकाचा लाभ आहे आणि कमी खर्चात चांगली सेवा देणाऱ्या कंपनीला बाजारातून हुसकावणे हा कोणत्याही कायद्याचा उद्देश नाही. परंतु कार्यक्षमतेतून आलेली सवलत टिकते, तर भांडवलाच्या जोरावर दिलेली सवलत स्पर्धक असेपर्यंतच मिळते. बिलावर या दोन्ही सवलती सारख्याच दिसतात. त्यांतील फरक ओळखण्यासाठी जी आकडेवारी लागते, ती कंपन्यांच्या हिशेबवह्यांत असते आणि ती तपासण्याचा अधिकार केवळ नियामकांना आहे. चौकशीचा पहिला आदेश जानेवारी २०२० मध्ये निघाला आणि पाच वर्षांनंतरही हे प्रकरण न्यायालयात होते. एवढा काळ तोटा सोसण्याचे बळ मोठ्या कंपनीकडे असते. यशवंतपूर किंवा चिकपेटेतील लहान दुकानदाराकडे ते नसते.